लेसिकनंतर परत नंबर आलाय, रात्री घालायच्या लेन्स चालतील का?

सायली_नाशिक:
२०१३ ला लेसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) केलं, तेव्हा नंबर -५.५ होता. बरीच वर्षं छान गेली पण आता दोन्ही डोळ्यांना -१.२५ आलाय आणि रात्री स्कूटरवर समोरच्या गाड्यांचे लाइट फुटल्यासारखे दिसतात. बुबुळ (कॉर्निया) पातळ आहे म्हणून परत लेझर नको म्हणाले डॉक्टर. चष्मा लावायचं खरंच जिवावर आलंय. रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी काढायच्या त्या ऑर्थो-के लेन्स लेसिक झालेल्या डोळ्याला बसतात का?

दृष्टी_ऑप्टोम:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बसवता येतात पण सोपं नाही. ही कडक लेन्स बुबुळाच्या मधल्या भागावरचा वरचा थर, जो जेमतेम ५० मायक्रॉन असतो, तो रात्रभरात अजून पातळ करते, त्यामुळे मध्ये सपाटपणा येतो आणि दिवसा चष्म्याशिवाय दिसतं. तुमचं बुबुळ लेझरने आधीच मध्ये सपाट झालंय, त्यामुळे नेहमीच्या डिझाइनची लेन्स मध्यावर न बसता सरकते आणि मग अंधुक, दोन-दोन दिसायला लागतं. टोपोग्राफीवरून, म्हणजे बुबुळाच्या आकाराच्या नकाशावरून, मुद्दाम बनवून घ्यावी लागते. अमेरिकेत २००२ मध्ये रात्रीच्या लेन्सना मंजुरी मिळाली ती ऑपरेशन न झालेल्या डोळ्यांसाठी.

पण ताई, आधी नंबर का वाढला ते बघा. लेसिकनंतर कधीकधी बुबुळ कमजोर होऊन पुढे फुगायला लागतं, एक्टेशिया म्हणतात त्याला. तसं असेल तर ऑर्थो-केचा विषयच संपला, आधी क्रॉसलिंकिंगचं, म्हणजे बुबुळ मजबूत करायच्या उपचाराचं, बघावं लागतं. पातळ बुबुळ म्हटलंय म्हणून जास्त काळजी वाटते.

ठाणेकर_७८:
मी लेसिकनंतर वापरतोय. दिवसा एकदम क्लिअर. पण रात्री लाइटभोवती वलयं दिसतात, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि लेन्सने सपाट केलेला भाग तेवढा मोठा नसतो. तुमची तक्रारच रात्रीची आहे म्हणून सांगतो. शिवाय थोडे दिवस लेन्स बंद केली की नंबर परत येतो, त्यामुळे कायमचा उपाय नाही. आणि नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावायचं नाही, अकांथअमीबा या पाण्यातल्या जंतूचं इन्फेक्शन फार वाईट असतं, नजर जाऊ शकते.

सायली_नाशिक:
धन्यवाद दोघांना. टोपोग्राफी शेवटची ऑपरेशनच्या आधी झाली होती. डोळे कोरडे पण पडतात, संध्याकाळी जास्त.

दृष्टी_ऑप्टोम:
मग जुना रिपोर्ट घेऊन जा आणि नवीन टोपोग्राफी करा, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्यावरच कळतं. शक्यतो कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे. कोरडेपणा पण आधी आटोक्यात आणा, नाहीतर कडक लेन्स रात्रभर डोळ्यात ठेवणं धोक्याचं. तोपर्यंत -१.२५ चा अँटीग्लेअर चष्मा फक्त स्कूटरवर लावा, घरात लागणार पण नाही तुम्हाला.