एमएसच्या पेशंटला जोरदार औषध पहिल्यापासूनच द्यावं का?

कृष्णाकाठची, सांगली

माझं मत आधीच सांगते. मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस) निदान झालं की पहिलंच औषध जोरदार असावं. आधी सौम्य इंजेक्शनं, त्यावर पुन्हा अटॅक आला की वरची पायरी, तीही अपुरी पडली की आणखी वरची, ही पद्धत आपल्याकडच्या पेशंटला ना पैशानं परवडते ना शरीरानं.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. बहुतेकांना सुरुवातीला अटॅक येतो आणि ओसरतो. एका डोळ्याला अंधुक दिसतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, मग स्टेरॉइडची सलाइन लागते आणि माणूस हिंडूफिरू लागतो. घरच्यांना वाटतं, गेलं दुखणं. पण एमआरआयवर नवे डाग उमटत राहतात, आणि प्रत्येक डाग काही अटॅक होऊन कळत नाही. आजची औषधं पुढची इजा रोखतात, झालेली भरून काढत नाहीत. म्हणून सुरुवातीची वर्षं सौम्य औषधावर घालवणं मला पटत नाही.

माझ्या धाकट्या भावाला पायरीपायरीनंच नेलं. इंटरफेरॉनची सौम्य इंजेक्शनं चालू असताना अटॅक आला आणि उजवा पाय जो ओढायला लागला तो तसाच राहिला. तासगावच्या बागेत छाटणीला उभं राहणं बंद झालं. त्यानंतर रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी मारणारं जोरदार औषध, सुरू केलं, तेव्हापासून नवा डाग नाही. एका माणसावरून नियम निघत नाही, म्हणून अभ्यासाचं बोलते. स्वीडनमध्ये सुमारे २०० नव्या पेशंटांवर रिटुक्सिमॅब आणि डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या यांची तुलना झाली, निकाल २०२२ मध्ये आला. दोन वर्षांत अटॅक आलेले रिटुक्सिमॅबच्या गटात ३ टक्के, दुसऱ्या गटात १६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी तीन औषधं घेतली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि हेच रिटुक्सिमॅब. याची भारतीय आवृत्ती, रेडिटक्स, २००७ पासून आपल्याकडे मिळते. मग वाट कशाची पाहायची?

मिरज जंक्शन

ताई, मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, पण असे पेशंट आधी आमच्याकडेच येतात. तुम्ही 'निदान झालं की' असं एका दमात म्हणून गेलात. माझी सगळी अडचण तिथंच आहे.

लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या केंद्रांत एमएस म्हणून पाठवलेल्या नव्या पेशंटांची फेरतपासणी झाली, ते २०१९ मध्ये छापून आलं. त्यातल्या जवळजवळ १८ टक्क्यांना एमएस नव्हताच, अनेकांना साधी मायग्रेन होती. तिथं ही गत, तर आपल्याकडे मेंदूचा टीबी आहे, बी-१२ च्या कमतरतेनं खराब झालेला मज्जारज्जू आहे, एनएमओ (डोळ्याची नस आणि मज्जारज्जूवर येणारा, एमएससारखा दिसणारा वेगळा आजार) आहे. एमआरआयच्या रिपोर्टात 'डिमायलिनेशन' (मायलिन खराब होणं) शब्द दिसला की फाइलवर एमएस लिहून मोकळं होणारे मी पाहिलेत. मणक्यातलं पाणी तपासायचं म्हटलं की नातेवाईक 'पाय जातील' म्हणून सही करत नाहीत. अशा अर्धवट निदानावर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चढवलं आणि आत टीबी निघाला, तर तो पेशंट हातचा जाईल.

२०२४ च्या सुधारित निकषांनी निदान लवकर करता येतं. डोळ्याची नस हिशेबात धरली आहे, डागाच्या मधोमध शीर दिसते का तेही पाहतात. पण त्यासाठी तसा एमआरआय आणि तो वाचणारी नजर हवी. औषधाची घाई करण्याआधी तपासणीवर खर्च करा.

कृष्णाकाठची

डॉक्टर, टीबी आणि बी-१२ चं पूर्ण मान्य. पण एनएमओचं उदाहरण माझ्या बाजूनं पडतं. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं घेतली तर एनएमओत आजार बळावतो. रिटुक्सिमॅब दोन्हीत चालतं. तपासणी अर्धवट राहायचा धोका जिथं जास्त, तिथं चुकीच्या औषधाचा धोकाही जास्तच ना?

मिरज जंक्शन

एनएमओपुरतं बरोबर. अँटी-एमओजीचा, म्हणजे एमएससारखाच दिसणारा तिसरा आजार मात्र रिटुक्सिमॅबला तितकासा दाद देत नाही. म्हणून एनएमओची अँक्वापोरिन-४ आणि एमओजी, दोन्ही अँटिबॉडी आधी पाहाव्यात. रक्ताची तपासणी आहे, नमुना बाहेरगावच्या लॅबला जातो, थोडे दिवस लागतात. तेवढं थांबता येतं.

हळदपेठ

मी स्वतः पेशंट आहे, पन्नाशी ओलांडलेली. तुम्ही दोघं सुरुवातीचंच बोलताय. आमच्यासारख्यांचं काय?

मला अटॅक येऊन बरीच वर्षं झाली. एमआरआय स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, आजार शांत आहे. पण गणपती मंदिरापर्यंत मी पूर्वी सहज चालत जायचे, आता अर्ध्या वाटेत बसावं लागतं. अटॅक नसताना होणारी ही हळूहळू घसरण आता संशोधकही वेगळी मोजतात. तुमचं जोरदार औषध बाहेरून मेंदूत घुसणाऱ्या पेशी अडवतं, पण मेंदूत आधीच धुमसत असलेली आग त्याच्या आवाक्यात फारशी येत नाही. म्हणून 'पहिल्या दिवसापासून घ्या म्हणजे वाचाल' हे ऐकलं की मला राग येतो. मी वेळेवर घेतलं होतं.

या घसरणीवर पहिल्यांदा काही हाताला लागलं ते टोलेब्रुटिनिब या नव्या गोळीच्या चाचणीत. २०२५ मध्ये निकाल छापून आला: अटॅक नसलेल्या दुय्यम प्रोग्रेसिव्ह (आधी अटॅक, मग हळूहळू घसरण) पेशंटांत अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी. पण यकृताला इजा होण्याचा प्रश्न गंभीर आहे. आणि अटॅक रोखण्यात तेच औषध टेरिफ्लुनोमाइड या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे अटॅक आणि घसरण या वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच मापानं मोजू नका.

दुसरं, थांबायचं कधी? अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या, किमान ५ वर्षं अटॅक न आलेल्या २५९ जणांवर चाचणी झाली. औषध चालू ठेवलेल्यांत ४.७ टक्क्यांना आणि बंद केलेल्यांत १२.२ टक्क्यांना अटॅक किंवा नवा डाग आला. बहुतेक नुसते डाग. मी हे वाचून डॉक्टरांपुढं ठेवलं. सहा महिन्यांनी इन्फ्युजन, दरवेळी सुटी, सोबतीला माणूस, वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शन, हे सगळं तराजूत घालायला नको का?

कृष्णाकाठची

हळदपेठताई, तुमचा राग योग्य जागी आहे. 'वाचाल' असं मी म्हणणार नाही. अटॅकनं होणारं नुकसान टळतं, इतकंच म्हणते. पण तेवढंही तिशीच्या माणसाला थोडं नाही. थांबण्याच्या चाचणीतले बहुतेक लोक जुन्या सौम्य इंजेक्शनांवर होते, त्यावरून रिटुक्सिमॅब कधी थांबवावं हे ठरत नाही. इन्फ्युजनांमधलं अंतर वाढवायचं आणि रक्तातलं आयजीजी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या अँटिबॉडी) बघत राहायचं, हा मधला रस्ता मला जास्त पटतो.

अजिंक्यतारा, सातारा

एवढं विषारी औषध कशाला? व्हिटॅमिन डी भरपूर द्या. आमच्या नात्यातल्या मुलीला एका शहरात स्टेम सेल दिल्या, तिला फरक वाटतोय. मोठ्या कंपन्या स्वस्त उपाय पुढं येऊ देत नाहीत.

मिरज जंक्शन

दादा, व्हिटॅमिन डी मी झटकून टाकणार नाही. फ्रान्समध्ये पहिला अटॅक नुकताच आलेल्यांना दर पंधरवड्याला १ लाख युनिट दिलं. दोन वर्षांत आजाराची हालचाल ६०.३ टक्क्यांत दिसली, डमी गोळीवाल्यांत ७४.१ टक्क्यांत. २०२५ चा निकाल आहे. फायदा आहे, पण १०० पैकी ६० जणांचा आजार चालूच राहिला हेही त्याच आकड्यात आहे. ग्लॅटिरामर चालू असलेल्यांना वाढीव डोस दिला तेव्हा जादा फायदा दिसला नाही, ते २०२३ चं. कमतरता असेल तर जरूर घ्यावं. मनानं लाखो युनिट घेतलीत तर कॅल्शियम वाढून किडनी बसेल.

स्टेम सेलबद्दल मात्र कडक बोलतो. केमोथेरपीनं प्रतिकारशक्ती पुसून स्वतःच्याच मूळपेशींनी ती नव्यानं उभी करायची, हा उपचार खरा आहे. २०१९ मध्ये ११० जणांवरच्या चाचणीत तो त्या वेळच्या औषधांपेक्षा प्रभावी ठरला. पण त्यासाठी आठवडेच्या आठवडे दवाखान्यात राहावं लागतं आणि जिवाचा धोका असतो. सकाळी सुई टोचून संध्याकाळी घरी सोडतात तो हा उपचार नव्हे. २००९ मध्ये इटलीच्या झांबोनींनी मानेच्या शिरा अरुंद असल्यानं एमएस होतो असं मांडलं, तेव्हा कॅनडातले पेशंट शिरा फुगवून घ्यायला भारतातसुद्धा आले होते. २०१७ मध्ये झांबोनींच्याच चाचणीत तो उपाय निष्फळ ठरला. 'फरक वाटतो' तेव्हाही सगळे म्हणत होते. मुलीची फाइल कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तिची औषधं बंद केलीत का ते आधी कळवा.

अजिंक्यतारा

बंद केलीत. तिथंच सांगितलं होतं. उद्या तिच्या वडिलांशी बोलतो.

वालचंदचा पोरगा

एक शंका. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीवर लोकांच्या नोंदींतून दिसलं की एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. हा विषाणू बी पेशींत दडतो आणि रिटुक्सिमॅब बी पेशीच मारतं. मग ते मुळावरच घाव घालतं असं म्हणायचं का?

मिरज जंक्शन

मोह होतो तसं म्हणायचा, पण अजून जोडणी सिद्ध नाही. लागण जवळपास प्रत्येकाला होते, एमएस मोजक्यांना.

आणि ताई, मूळ मुद्द्यावर मी अजून तुमच्याशी सहमत नाही. २०२३ मध्ये डेन्मार्क आणि इतर देशांच्या नोंदींच्या तुलनेत रिटुक्सिमॅबवर ऑक्रेलिझुमॅब या त्याच जातीच्या महागड्या औषधापेक्षा जास्त अटॅक दिसले. म्हणजे 'स्वस्त तेच तितकंच चांगलं' हेही पक्कं नाही.

कृष्णाकाठची

जत-आटपाडीच्या पेशंटापुढं ऑक्रेलिझुमॅब हा पर्यायच नसतो, डॉक्टर. त्याच्यापुढं रिटुक्सिमॅब, इंटरफेरॉन किंवा काहीच नाही, एवढंच असतं. तुलना त्यांच्यात करा.

पेठ नाका

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या नणंदेचं निदान गेल्या महिन्यात पक्कं झालं, दोन्ही अँटिबॉडी निगेटिव्ह. पुढच्या वर्षी त्यांना मूल हवंय. सासूबाई म्हणतात, आधी बाळ होऊ दे, औषध मागनं. काय करावं?

मिरज जंक्शन

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत उसळतात, हे १९९८ पासून माहीत आहे. त्यामुळं आजार उघडा ठेवून बाळंतपणात जाऊ नये. टेरिफ्लुनोमाइड अजिबात नको. फिंगोलिमॉड दिवस राहण्याआधी बंद करावं लागतं आणि बंद केल्यावर आजार उलटू शकतो. रिटुक्सिमॅबचा परिणाम महिनोन्महिने टिकतो, म्हणून आधी इन्फ्युजन आणि मग ठरावीक अंतरानं प्रयत्न, असं नियोजन करता येतं. इथं मी कृष्णाकाठच्या ताईंच्या बाजूचा आहे. पण हिपॅटायटिस बी, टीबी आणि आयजीजी पाहिल्याशिवाय पहिली बाटली लावू देऊ नका, आणि राहिलेल्या लशी आधी टोचून घ्या, नंतर त्या नीट लागत नाहीत. न्यूरॉलॉजिस्ट आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर, दोघांकडे एकच फाइल न्या. सासूबाईंनाही सोबत घेऊन जा.