इंजिनावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवताना

प्रश्न: गाडीच्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून रेडिएटरवर १६ इंची इलेक्ट्रिक पंखा बसवतोय. थेट स्विचवर जोडला तर चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. असा पंखा चालताना साधारण २० अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. डॅशबोर्डचा स्विच वितळेल. ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), ३० चा फ्यूज बॅटरीलगत, आणि ४ चौ. मिमी वायर घ्या. अर्थची वायर जाड घ्या आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर जोडा. निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. रिले थर्मोस्विचवर (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) चालवा: ९२ अंशांना सुरू, ८७ ला बंद. थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला इंजिनातले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८८ चा असेल तर मात्र पंखा बंदच होणार नाही, तेव्हा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या वर हवा.

उत्तर २: श्राउड (पंखा आणि रेडिएटर यांच्यामधले आवरण) विसरू नका. त्याशिवाय पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे तापतात. त्याच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका, घासून नळ्या गळतात.

उत्तर ३: जोडल्यावर रेडिएटरपुढे कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर मोटरच्या वायरी उलट्या आहेत. एसी असेल तर कॉम्प्रेसर लागताच पंखा सुरू व्हावा अशी वेगळी जोडणी लागेल.