मदत हवी आहे : नाना गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर

आम्ही चोपड्याचे. माझे वडील, नाना, दोन महिन्यांपूर्वी हार्टॲटॅकने गेले. एमएच १९ पासिंगची वॅगनआर त्यांच्याच नावावर आहे, कर्ज नाही. डॅशबोर्डच्या खणात आरसी, पीयूसी आणि नानांची छोटी वही सापडली. प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद, शेवटची जळगावच्या फेरीची.

विमा फेब्रुवारीपर्यंत आहे. एजंट म्हणतो, ‘चालू द्या, कोण विचारतं?’ मला ते पटत नाही. मालक वारल्यावर पॉलिसी जास्तीत जास्त तीनच महिने चालते आणि गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म ३१ सुद्धा तेवढ्याच मुदतीत आरटीओत द्यायचा असतो, असं कळलंय. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जळगावला न्यावं लागतं. रस्त्यात काही झालं आणि क्लेम नाकारला तर?

गाडी आईच्या नावावर करायची आहे, पण तिच्याकडे लायसन नाही. विम्याला अडचण येते का? बहीण सुरतला दिली आहे. तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र तिथल्या नोटरीचं चालेल की तिला इकडे यावं लागेल? नानांचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आईला मिळतो का? जळगाव आरटीओत हल्ली कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.