मदत हवी आहे : रूममेटला न दुखावता कसं सांगू?

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये आम्ही दोघी एका खोलीत राहतो. रूममेट स्वभावाने खूप चांगली. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. पण तिने एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड जोडलाय आणि त्यावरच 2000 वॅटचा हीटर लावते. काल वायरला सहज हात लागला, चांगलीच तापली होती. प्लगच्या पिनांभोवतीचं प्लॅस्टिकही तपकिरी पडलंय. त्यात धुराचा अलार्म सारखा वाजतो म्हणून त्यावर पिशवी बांधून ठेवलीये! अख्ख्या मजल्यावर मुली झोपलेल्या असतात, या विचाराने मला झोप लागत नाही.

एकदा विषय काढला, तर "काही होत नाही गं" म्हणून तिने टाळलं. (रात्री उशिरापर्यंतचं फोनवर बोलणं वगैरे मी चालवून घेते, त्याचं काही नाही.) थेट वॉर्डनकडे गेले तर मैत्री तुटेल, आणि गप्प बसणं मनाला पटत नाही.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली होती का? तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलू? तिचं नाव न घेता खोलीतलं वायरिंग तपासून घेता येईल का? अलार्मवरची पिशवी मात्र मी आजच काढतेय.