मदत हवी आहे: आई आणि सासूबाईंसाठी क्रूझवर महागाची खोली घ्यावी का?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा यंदा बरा झाला, म्हणून जानेवारीत मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझ ठरवली आहे. आम्ही चौघं जाणार: मी, नवरा, माझी आई आणि सासूबाई. दोघी विहिणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. दोघींनी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण. समुद्र दोघींनीही पाहिलेला नाही.

दोन खोल्या बुक आहेत, दोन्ही आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या. आता अमरावतीचा एजंट रोज फोन करतो आहे की थोडे पैसे टाका, खिडकीची खोली देतो, आणखी टाका, बाल्कनीची देतो. खिडकीचा फरक आम्हाला झेपेल. बाल्कनीचा फरक मात्र मोठा आहे. तेवढ्यात बागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या बदलून होतील, आणि ते काम उन्हाळ्याआधी करायचंच आहे.

नवऱ्याचं म्हणणं, खोलीत फक्त झोपायला जायचं, खिडकी कशाला? त्यांच्यापुरतं ते खरं आहे, ते दिवसभर जहाजभर फिरतील. पण या दोघी? पोहण्याच्या तलावाकडे त्या फिरकणार नाहीत, रात्रीच्या नाचगाण्यात बसणार नाहीत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे दहा वेळा वर-खाली होणार नाही. सासूबाईंना एसटीत वरूडहून अमरावतीला जातानाही मळमळतं. दोघी पहाटे चारला उठतात. घरी उठल्या की आधी दार उघडून अंगणात येतात. बिनखिडकीच्या खोलीत चार वाजता उठून त्या काय करतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा वडीलधाऱ्यांना नेलं आहे, त्यांनी कृपया सांगा. महागाची खोली घेतल्याने नेमका काय फरक पडतो? जेवण, सोयी यांत काही वेगळं मिळतं का? आणि मळमळ होणाऱ्या माणसाला कोणती खोली बरी? एजंटला चार दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

पऱ्हाटी

ताई, जेवणाचं आधी सांगते. मुख्य जेवणघरात आणि बुफेत सगळ्या खोल्यांच्या प्रवाशांना तेच जेवण असतं. खिडकी घेतली म्हणून ताटात वेगळं काही पडत नाही. स्वीट म्हणतात त्या सगळ्यात महागड्या खोल्यांना काही जहाजांवर वेगळं जेवणघर, आधी चढायला मिळणं असल्या सवलती असतात, पण तुम्हाला त्यांची गरज दिसत नाही.

आतल्या खोलीचा खरा प्रश्न अंधाराचा. दिवा मालवला की मिट्ट काळोख, सकाळ झाली की नाही ते घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. तरुण मुलांना त्यात गाढ झोप लागते. माझ्या आत्याला मात्र त्या खोलीत घाबरल्यासारखं झालं, कारण ती आयुष्यभर उन्हाळ्यात गच्चीवर आणि बाकी दिवस खिडकी उघडी ठेवून झोपलेली. शेवटी आम्ही रात्रभर न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार थोडं उघडं ठेवत होतो. आतलीच खोली राहिली तर हे नक्की करा. अनोळखी जागी रात्री उठताना पडायची भीती सगळ्यात जास्त.

तुमचे मिस्टर म्हणतात तो नियम चांगला आहे, पण तो ज्याच्या त्याच्या पायांना लावून पाहायचा. जो दिवसातले बारा तास बाहेर असेल त्याला आतली खोली पुरते. ज्याचे बारा तास खोलीतच जाणार, त्याच्यासाठी ती खोली हाच प्रवास आहे.

लाटांवरचा

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. काही वर्षं प्रवासी जहाजांवर खोल्यांच्या देखभालीचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाग खोली म्हणजे कमी हलणारी खोली, असं अजिबात नाही. जहाज सगळ्यात कमी हलतं ते खालच्या मजल्यांवर, लांबीच्या मधोमध. जितकं वर जाल आणि जितकं पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे जाल, तितकं हेलकावणं जास्त जाणवतं. बाल्कनीच्या आणि स्वीटच्या खोल्या बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यांवर असतात. म्हणजे मळमळ होणाऱ्या माणसाला जास्त पैसे भरून जास्त हलणाऱ्या जागी नेऊन ठेवायचं, असं होऊ शकतं. तुमच्या सासूबाईंसाठी वरच्या टोकाची बाल्कनी मी कधीच सुचवणार नाही. जानेवारीत अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने पुष्कळ शांत असतो, तरी काळजी घेतलेली बरी.

खिडकीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोघी नाराज होतील. जहाजाच्या खोलीची खिडकी उघडत नाही. काच पक्की बसवलेली असते. उजेड मिळेल, समुद्र दिसेल, हवा एसीचीच. मोकळी हवा हवी तर बाल्कनी, नाहीतर डेक, म्हणजे जहाजाचा वरचा उघडा मजला.

एजंटने 'खिडकी' म्हटलं म्हणून लगेच हो म्हणू नका. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात आणि पैसे खिडकीचे देऊन दिसतो तो होडीचा पिवळा-नारिंगी पत्रा. खोलीचा नंबर मागा आणि जहाजाच्या मजल्यांचा नकाशा काढून स्वतः बघा. त्याच नकाशात वर-खाली काय आहे तेही दिसतं. नाचघराच्या किंवा थिएटरच्या थेट वरची-खालची खोली नको, पहाटे चारला उठणाऱ्यांना रात्री एकपर्यंत ढोल ऐकू येईल. गुडघ्यांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण अगदी लिफ्टसमोरची खोली नको, तिथे माणसांची वर्दळ फार.

आता मुख्य मुद्दा. अपग्रेड दोन्ही खोल्यांचं कशाला करता? विहिणींना खिडकीची खोली घ्या आणि तुम्ही दोघं आतल्याच खोलीत राहा. आतल्या खोल्या बहुधा त्याच मजल्यावर, त्याच बोळाच्या दुसऱ्या बाजूला असतात. एजंटला सांगा, आम्हाला एकमेकींच्या समोरच्या खोल्या द्या आणि दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडा. हे जोडणं राहिलं तर एकच खोली बदलताना तुम्ही एका मजल्यावर आणि आई दुसऱ्या मजल्यावर, असं होतं. ऐन वेळच्या स्वस्त अपग्रेडमध्ये खोलीची जागा निवडू देत नाहीत, ती कंपनी ठरवते, म्हणून त्या मोहात पडू नका.

आणखी एक. चौघं एकाच मोठ्या खोलीत, असं कोणी सुचवलं तर नकोच म्हणा. तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो आणि शिडीने चढावं लागतं. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरठा असतो, तो पहिल्याच दिवशी दोघींना दाखवून द्या.

भाऊ दर्यापूरवाले

ताई, मी माह्या मायले घेऊन गेलो होतो, आतल्याच खोलीत. माय दिवसा खोलीत बसलीच नाई. सकायी उठली का तिले हात धरून डेकवर नेऊन बसवत होतो. तथी खुर्च्या रायते, हवा लागते, समोर पूरा समुद्र. खिडकीतून त्याच्यातला थोडासाच दिसते. मले तं वाटते, खोलीले पैसे देन्यापेक्षा मुंबईत एक दिवस आधी पोचा आन् लॉजवर आराम करा. विदर्भ एक्स्प्रेस असो का अमरावती–मुंबई, गाडी सकायी सीएसएमटीले उतरवते अन् जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, तथून जवयच आहे, पन गाडी लेट झाली तं जहाज थांबनार नाई. बुढ्या मानसाले रातभरच्या गाडीतून उतरून लगेच रांगेत उभं करू नका. हे पैसे सार्थकी लागते.

संत्राबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, एक दिवस आधी पोचायचं पटलं, ते आजच ठरवून टाकलं.

डेकबद्दल मात्र माझी अडचण आहे. माझी आई येईल डेकवर, तिला माणसं आवडतात. सासूबाई चार अनोळखी लोकांत बसायला संकोचतात. गावातल्या लग्नातही त्या आतल्या खोलीत बसतात, मांडवात नाही. त्यांनी समुद्र मन भरून, कोणी बघत नसताना बघावा असं मला वाटतं. सासरे गेल्यापासून त्या बागेच्या पलीकडे कुठे गेलेल्या नाहीत. म्हणूनच बाल्कनीचा विचार डोक्यातून जात नव्हता. लाटांवरचा दादांनी लिहिलेलं वाचल्यावर आता मळमळीचंच पाहते आहे. गोळी द्यावी का? आणि खिडकीजवळ बसून मळमळ वाढते की कमी होते?

औषधवाली वहिनी

आमचं औषधाचं दुकान आहे, म्हणून गोळीबद्दल लिहिते. एसटीच्या प्रवासासाठी लोक नेतात ती अ‍ॅव्होमिन जहाजावरही चालते, पण मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, तोंड कोरडं पडतं. म्हाताऱ्या माणसांना गुंगीत तोल जायची भीती असते. सासूबाईंना काचबिंदू असेल, लघवीला अडत असेल किंवा झोपेची-मेंदूची काही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. निघायच्या आधी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून या आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. आल्याच्या वड्या जवळ असू द्या, पुष्कळांना त्याने बरं वाटतं.

खिडकीचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. मळमळ होते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात म्हणून. कानाच्या आतल्या तोलाला हलणं कळतं, पण बंद खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. दूर क्षितिजाच्या रेषेकडे पाहत बसलं की दोन्हींचं जुळतं आणि बऱ्याच जणांना आराम पडतो. आतल्या खोलीत क्षितिजच नाही. म्हणून त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची, मधोमधची खिडकी मला बाल्कनीपेक्षा बरी वाटते. हलणं कमी आणि नजर ठेवायला रेषा समोर.

परदेशी पाखरू

सिंगापूरहून जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर खोल्यांचा हिशोब वेगळा असतो, तिथे बाल्कनीच्या खोल्याच भरपूर. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर तर आतल्या खोलीत ८० इंची पडदा लावून बाहेरचा समुद्र थेट दाखवतात. मुंबईहून जाणारं तुमचं जहाज कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस असेल तर ते १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडेच होतं. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या मोजक्याच. बाल्कनी महाग का, याचं एक कारण तेही आहे.

लाटांवरचा

कोणती बाजू घ्यावी हे अजून कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेला जातं, तेव्हा जाण्याच्या दिशेने उजवीकडची खिडकी पश्चिमेला येते, म्हणजे सूर्यास्त त्या बाजूला. डावीकडची पूर्वेला, म्हणजे सूर्योदयाची. परतताना उलट होतं. तुमच्या दोघी पहाटेच्या. जाताना पहाट समुद्रावर उजाडणार असेल तर डावी बाजू मागा, परतीची पहाट समुद्रावर असेल तर उजवी. एजंटकडून वेळापत्रक घेऊन एकदा ताडून बघा. किनारा दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका, जहाज बरंच आत गेलं की चहूकडे पाणीच. कधी मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसतात.

संत्राबाग

आत्ताच एजंटशी बोलले. बाल्कनी नको म्हणून सांगितलं. दोघी विहिणींसाठी खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली खिडकीची खोली आणि तिच्या समोरची आतली खोली आम्हा दोघांना. होडी आड येत नाही हे नकाशात पाहून घेतलं. परतीच्या दिवशी पहाट समुद्रावर आहे, म्हणून उजवी बाजू मागितली. दोन्ही खोल्यांचे नंबर लेखी आल्याशिवाय पैसे टाकणार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. फरकाची रक्कम कर धरून किती आणि प्रवास रद्द झाला तर त्यातलं परत किती मिळेल, हेही लेखी मागितलं.

नवऱ्यालाही धागा वाचून दाखवला. आपली खोली आतलीच राहू दे आणि दोघींना खिडकी घे, हे त्यांनी लगेच मान्य केलं. ठिबकचं कामही वेळेवर होईल.

आता एकच विचारायचं राहिलं. आईला बंदरावर फार चालायला लागेल का?

लाटांवरचा

सामान देणं, तपासणी, नोंदणी, मग जहाजाचा जिना, असं थांबत थांबत चालणं होतं, त्यात उभं राहणंच जास्त. चाकांची खुर्ची हवी असं एजंटकडून आत्ताच बुकिंगमध्ये लिहून घ्या, त्या दिवशी मागाल तर वाट पाहावी लागेल. देशातल्याच बंदरांची फेरी आहे, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही, पण चौघांची मूळ ओळखपत्रं हातात ठेवा, झेरॉक्स नको. आणि मोठ्या बॅगा बंदरावर घेतात त्या खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. दोघींच्या गोळ्या, चष्मे आणि एकेक लुगडं हातातल्या पिशवीत ठेवा.