जुने डेस्कटॉप चालतील, पण प्रोसेसरची पिढी बघून घ्या

ऑफिसमधून निघालेले जुने डेस्कटॉप संडे स्कूलला, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गाला, पुरतात असं म्हणतात, ते पटतं. फक्त इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पण आठवड्यातून एकदाच लावायचे पीसी वेगळाच त्रास देतात. ऐरोलीत आमच्याकडे आठवडाभर मेन स्विच बंद असायचा. मदरबोर्डवरचा, पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल उतरला, तारीख मागे गेली आणि चुकीच्या तारखेमुळे एकही वेबसाइट नीट उघडेना. पोरं बायबलमधल्या दाविदाचं चित्र रंगवायला ताटकळलेली! सीआर२०३२ सेल बदलला, काम झालं. शिवाय रविवारी चालू केलं की अपडेट सुरू व्हायचे, म्हणून आता शनिवारी संध्याकाळीच तासभर लावून ठेवतो.