‘ने’ : चावी नेमकी कोणी कोणाला दिली?

नवा वडोदेकर यांचा प्रश्न

जून महिन्यात नोकरीनिमित्त मी साताऱ्याहून वडोदऱ्याला राहायला आलो. गुजराती लिपी पंधरा दिवसांत वाचता येऊ लागली, बोलणे तर पहिल्या दिवसापासूनच बरेचसे कळत होते, आणि या सोपेपणामुळेच मी फसलो. आमच्या वखारीची चावी दोघातिघांकडे फिरती असते. मागच्या शनिवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याचा गुजरातीत निरोप आला : ‘सुरेशभाईने चावी आपी दीधी छे.’ सुरेशभाईंनी चावी दिलेली आहे, असा त्याचा अर्थ मी लावला. म्हणजे ती आता कार्यालयातच असणार, असे धरून मी टेबलांचे खण धुंडाळत बसलो आणि माल घेऊन आलेला टेम्पो दीड तास दारात उभा राहिला. अखेरीस फोन केल्यावर कळले की, चावी सुरेशभाईंना देण्यात आली होती आणि ते ती खिशात घालून घरी गेले होते.

एका अक्षराने देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल व्हावी, याचे मला अजून आश्चर्य वाटते. मराठीत ‘सुरेशने’ म्हटले की सुरेश कर्ता असतो, हिंदीतही तसेच असते. मग आपल्या अगदी शेजारच्या भाषेत हाच ‘ने’ ‘ला’चे काम कसा काय करतो? हा मुळात एकच शब्द आहे की दिसायला सारखे दोन वेगळे शब्द आहेत? माझी भाची कोरियन शिकते. तिच्याकडून समजले की, तिकडे ‘ने’ म्हणजे ‘होय’. तेव्हा हा एवढासा शब्द आणखी कोणकोणत्या भाषांत कोणत्या अर्थाने नांदतो, हेही जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

दांडियाबाजार यांचे उत्तर

आपला गोंधळ मला पूर्णपणे समजू शकतो. आमची वडोदऱ्यातली ही चौथी पिढी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती असे आमचे आयुष्य गेले, तरी महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या सुना आणि जावई या ‘ने’पाशी अडखळताना आम्ही दरवेळी पाहतो.

गुजरातीत कर्त्याला लागतो तो ‘ए’. सुरेशभाईंनी चावी दिली असती, तर निरोपात ‘सुरेशभाईए चावी आपी दीधी छे’ असे आले असते. ‘ने’ हा तिथे आपल्या ‘ला’सारखा आहे : मने म्हणजे मला, तने म्हणजे तुला, रामने बोलावो म्हणजे रामाला बोलवा. हिंदीतले ‘मैंने’ आणि गुजरातीतले ‘मने’ कानाला इतके जवळचे वाटतात, पण पहिल्यात बोलणारा काही करून मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्यात त्याला काहीतरी मिळायचे, व्हायचे किंवा हवे असते.

एवढ्यावर भागत नाही. ‘अने’ म्हणजे ‘आणि’, आणि बोलताना त्याचा पुष्कळदा नुसता ‘ने’ होतो. ‘राम ने श्याम आव्या’ म्हणजे राम आणि श्याम आले. लिहिताना प्रत्यय नामाला जोडून येतो आणि ‘आणि’च्या अर्थाचा ‘ने’ सुटा राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा आधार मिळतो. ऐकणाऱ्याला मात्र वाक्य पुढे सरकेपर्यंत थांबावे लागते. तिसरा ‘ने’ वाक्याच्या शेवटी येतो. ‘काले आवशो ने?’ असे कोणी विचारले की, ते आपल्या ‘उद्या याल ना?’ याच आर्जवाने विचारलेले असते. मला हा तिसरा ‘ने’ सर्वांत गोड वाटतो, कारण त्याच्यात विचारणाऱ्याचा आग्रह ऐकू येतो.

मात्र ‘ने म्हणजे कर्ता’ हे आपले समीकरण मराठीतही पूर्ण खरे नाही. चाकूने कापतो, बसने जातो, तापाने फणफणतो, दमाने घेतो. यातला चाकू, बस, ताप किंवा दम यांपैकी कोणीही कर्ता नाही. उलट ‘मी आंबा खाल्ला’ यात कर्ता आहे, पण ‘ने’ नाही. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना मराठीत हा ‘ने’ लागत नाही, तो ‘त्याने’पासून पुढे सुरू होतो. आपली माणसे हिंदी बोलताना ‘मैं खाना खाया’ म्हणतात, ते याच सवयीने. शिवाय ‘ही चावी घरी ने’ यातला ‘ने’ तर प्रत्ययच नव्हे, ते ‘नेणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे.

जुनी पोथी यांचे उत्तर

वरील उत्तर नेमके आहे, त्याला इतिहासाची थोडी जोड देतो.

शाळेत आपण तृतीयेचे प्रत्यय ‘ने, ए, शी’ असे पाठ केले. त्यांतला ‘ए’ आपल्याला आज परका वाटतो, पण जुन्या मराठीत त्याचेच राज्य होते. पसायदानाची सुरुवात सर्वांना पाठ असते : ‘आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें’. हे आजच्या मराठीत सांगायचे तर ‘विश्वात्मक देवाने या वाग्यज्ञाने संतुष्ट व्हावे’ असे म्हणावे लागेल. 1290 साली ‘देवें’ आणि ‘वाग्यज्ञें’ यांच्या शेवटच्या एका सानुनासिक मात्रेत जे मावत होते, त्याच्यासाठी आज आपण ‘ने’ वापरतो. संस्कृतातल्या ‘देवेन’मधल्या ‘एन’चा हा वारसा आहे. गुजरातीने ‘सुरेशभाईए’मध्ये तो जुना ‘ए’ जपला, आपण तो बहुतेक ठिकाणी सोडला. म्हणजे प्रश्नकर्त्यांना जी भाषा उलटी वाटली, ती या बाबतीत ज्ञानेश्वरांच्या मराठीला आपल्यापेक्षा अधिक जवळ आहे.

आता ‘एकच शब्द की दोन’ याविषयी. गुजरातीतून निघून मारवाडीकडे गेलो, तर तिथेही ‘नै’ म्हणजे ‘ला’. पुढे हरियाणात गेलो की, दोन्ही अर्थ एकाच शब्दात एकत्र भेटतात. ‘मन्नै रोटी खाई’ म्हणजे मी भाकरी खाल्ली, आणि ‘मन्नै बेरा कोनी’ म्हणजे मला ठाऊक नाही. दिल्लीच्या बोलण्यात ‘मुझे जाना है’च्या जागी ‘मैंने जाना है’ सर्रास ऐकू येते, ते पंजाबीच्या वळणाने. अशा साखळीमुळे काही अभ्यासकांचे मत असे आहे की, हिंदीतला कर्त्याचा ‘ने’ आणि राजस्थानी-गुजरातीतला ‘ला’च्या अर्थाचा ‘ने’ ही मुळात एकाच शब्दयोगी अव्ययाची दोन रूपे आहेत. मला स्वतःला हे मत पटते, कारण ज्याला मिळाले तो आणि ज्याच्याकडून झाले तो यांच्यात भाषा वाटते तितके मोठे अंतर ठेवत नाहीत. ‘मला हे जमले’ म्हणताना आपणही जमवणाऱ्याला ‘ला’ लावतोच की.

पंजाबीत मात्र आणखी एक ‘ने’ आहे आणि त्याचा वरील कशाशीही संबंध नाही. ‘ओह जांदे ने’ म्हणजे ते जातात. हा ‘ने’ म्हणजे आपला ‘आहेत’.

चाकण पाळी यांचे उत्तर

कोरियनविषयी मला थोडे सांगता येईल. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथे कोरियन अभियंते आमच्याबरोबर असतात. ते फोनवर बोलताना समोरच्याचे ऐकत आहोत हे कळावे म्हणून सतत ‘ने, ने’ म्हणतात. गंमत अशी की, पहिले कित्येक दिवस मला ते ‘दे, दे’ असे ऐकू येत होते. मला वाटले, पलीकडून हे काहीतरी मागत आहेत. नंतर त्यांच्यापैकीच एकाने समजावले की, सोलच्या आजच्या बोलीत शब्दाच्या आरंभीचा ‘न’ नाकातून पुरेसा निघत नाही आणि परक्या कानाला तो ‘द’सारखा लागतो. शब्द ‘ने’च आहे.

या ‘होय’ची एक खोच आहे. ‘आज माल जाणार नाही ना?’ असे विचारले आणि उत्तर ‘ने’ आले, तर ‘तुमचे बरोबर आहे, जाणार नाही’ असा त्याचा अर्थ. तो ‘होय, जाणार’ असा समजून एकदा आम्ही गाडी भरायला घेतली होती. ‘चार माणसे’ म्हणताना चारसाठीही ‘ने’ येतो. ‘तुझा’ यासाठीही लिहिताना तेच अक्षर असते, पण ‘माझा’ या शब्दाचा उच्चारही आता ‘ने’च होऊन बसल्यामुळे लोक ‘तुझा’ला ‘नी’ म्हणू लागले आहेत. माझे आणि तुझे यांत गफलत होऊ नये, म्हणून भाषेने स्वतःच काढलेली ही वाट मला फार आवडली.

काळा समुद्र यांचे उत्तर

मी रत्नागिरीचा, अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर होतो. तीन बंदरांचा माझा अनुभव या चर्चेत बसतो.

आमचे जहाज बल्गेरियातल्या वार्ना बंदरात होते. तिथे ‘ने’ म्हणजे ‘नाही’, आणि आपण ‘हो’ म्हणताना मान हलवतो तशी मान वरखाली झाली, तर तोही नकारच असतो. वार्नाहून निघालो, इस्तंबूलपाशी सामुद्रधुनीत आलो. तिथे ‘ने’ म्हणजे ‘काय?’. वायरलेसवर माझे बोलणे नीट न ऐकू आलेला माणूस ‘ने? ने?’ करत होता आणि मी वार्नाच्या सवयीने समजलो की, तो आम्हाला परवानगी नाकारतो आहे. तिथून ग्रीसच्या पिरिअस बंदरात पोहोचलो. गोडे पाणी आजच मिळेल का, असे मी विचारले. धक्क्यावरचा वयस्कर माणूस मान किंचित खाली झुकवून शांतपणे म्हणाला, ‘ने’. मी निराश होऊन परत फिरलो, आणि अर्ध्या तासात पाण्याचा बार्ज जहाजाला येऊन लागला. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘होय’. नाही म्हणायचे असते, तेव्हा तो माणूस मान मागे टाकतो, भुवया उंचावतो आणि जिभेने ‘च्’ असा आवाज करतो, अगदी आपल्याकडे करतात तसा.

ब्राझीलच्या सांतुस बंदरात आणखी एक ‘ने’ भेटला. तिथले लोक पोर्तुगीजमध्ये प्रत्येक दुसऱ्या वाक्याला ‘ने?’ जोडतात. ‘नाऊं ए’, म्हणजे ‘नाही का’, याचा तो संक्षेप आहे. जपानी माणूसही वाक्याच्या शेवटी ‘ने’ म्हणतो आणि तोही ‘हो ना?’ याच भावनेने. पहिले जपानी स्थलांतरित 1908 साली याच सांतुसला उतरले. त्यामुळे मला वाटत असे की, ब्राझीलचा ‘ने’ त्यांच्याकडूनच आला असावा. एका स्थानिक पायलटने, म्हणजे जहाज बंदरात आणणाऱ्या वाटाड्याने, माझी ही समजूत दूर केली. दोन्ही शब्द आपापल्या घरी स्वतंत्रपणे जन्मले आहेत.

जुनी पोथी यांचे दुसरे उत्तर

वार्ना ते पिरिअस हा प्रवास वाचून राहवले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

बल्गेरियन ‘ने’ आणि आपला नकार हे खरेच सख्खे आहेत. संस्कृत ‘न’, लॅटिन ‘ने’, लिथुआनियन ‘ने’, चेक आणि सर्बियन ‘ने’ ही सगळी एकाच मूळ शब्दाची लेकरे. मराठीत हा ‘न’ क्रियापदात इतका मिसळून गेला आहे की, आपल्याला तो वेगळा दिसत नाही : नव्हे, नये, नको, नसे. ‘नेणता’ हा शब्द पाहावा. ‘जाणता’च्या उलट ‘न जाणता’, त्याचा झाला ‘नेणता’. म्हणजे नकाराचा ‘ने’ मराठीतही आहे, फक्त तो शब्दाच्या पोटात आहे.

ग्रीकने मात्र हा नकाराचा शब्द फार पूर्वीच टाकून दिला. प्राचीन ग्रीकमध्ये नकारासाठी ‘ऊ’ आणि निषेधासाठी ‘मे’ होता. हा ‘मे’ म्हणजे संस्कृतातल्या ‘मा गमः’ मधला ‘मा’. होकाराचा शब्द तेव्हा ‘नाइ’ असा उच्चारला जाई. पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत ‘आइ’चा ‘ए’ झाला, आणि ‘नाइ’ ‘ने’ होऊन बसला. शेजारी स्लाव्ह लोक येऊन स्थिरावले ते त्यानंतर, सहाव्या-सातव्या शतकांत. म्हणून आज एकाच सीमेच्या दोन बाजूंना होय आणि नाही यांचा उच्चार सारखा आहे.

तुर्कीचा ‘काय’, कोरियनचा ‘होय’, जपानीचा ‘हो ना?’ आणि हंगेरियनचा ‘नको’ (‘ने मेन्य’ म्हणजे जाऊ नकोस) यांचे आपल्या ‘ने’शी नाते नाही. ‘न’ हा ध्वनी जगातल्या बहुतेक सर्व भाषांत आहे, ‘ए’ किंवा त्याच्या जवळचा स्वरही पुष्कळ भाषांत आहे, आणि दिवसातून शेकडो वेळा लागणारे शब्द भाषा नेहमी आखूड ठेवतात. एक व्यंजन आणि एक स्वर यांच्या जोड्या मोजक्याच असतात. तेव्हा प्रत्येक भाषेने त्यांतली ‘ने’ ही जोडी कुठल्या ना कुठल्या रोजच्या कामाला लावली, तर त्यात नवल नाही. त्यामुळे नुसता आवाज ऐकून नाते जोडू नये, त्या शब्दाची जुनी रूपे पाहावीत.

नवा वडोदेकर यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दांडियाबाजार यांनी सांगितलेली मोकळी जागा आज सकाळीच उपयोगी पडली. वखारीच्या वहीत लिहिलेले होते : ‘सुरेशभाई ने रमेशभाई चावी लई गया छे.’ मी दोनदा वाचले, ‘ने’च्या अलीकडची जागा पाहिली, आणि दोघांपैकी जे जवळ राहतात त्या रमेशभाईंना फोन केला. चावी त्यांच्याकडेच होती.